उष्णता जाते कुठे?

इंजिनातला गरम गॅस बाहेर नेणारं जुनं मॅनिफोल्ड ओव्हनमध्ये ठेवलं की पहिल्या अर्ध्या तासात निळसर धूर यायला लागतो. जळक्या इंजिन ऑइलचा उग्र वास शेडभर पसरतो. खरं तर तो जॉब डिझेलने धुतलेला असतो, केमिकलमध्ये बुडवून काढलेला असतो, बोट फिरवलं तर बोटाला डागही लागत नाही. तरी तीनशे अंशांच्या आसपास पोचला की तो धुमसतोच. ‘बीड तेल पितं, बाळा,’ हे मला कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतल्या अण्णांनी सांगितलं होतं. बिडात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या असतात, त्यांच्या कडेने आणि ओतकामातल्या बारीक छिद्रांतून तेल आत मुरतं. वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी राहिलेलं बीड वरून कितीही कोरडं दिसलं तरी आतून कोरडं नसतं. अण्णा बोलले तेव्हा मी मान डोलावली आणि विसरून गेलो. तो विसर मला फार महागात पडला. ती गोष्ट पुढे येईलच.

मी या धंद्यात १९९८ साली आलो. मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात होता आणि भोसरी एमआयडीसीतल्या एका थर्मल स्प्रेच्या शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. गाड्यांचा तेव्हा काही संबंध नव्हता. पंपांच्या स्लीव्ह, साखर कारखान्यांचे शाफ्ट, कागद गिरणीचे रोल असे झिजलेले जॉब यायचे आणि त्यांच्यावर आम्ही धातूचा किंवा सिरॅमिकचा थर चढवायचो. प्लाझ्मा गन पहिल्यांदा चालताना पाहिली तो दिवस अजून आठवतो. आरगॉन आणि हायड्रोजनमधून विजेचा आर्क जातो, आतलं तापमान दहा हजार अंशांच्या वर चढतं आणि त्या ज्वाळेत पांढरी पावडर सोडली की ती वितळून जॉबवर आदळते. झिरकोनिया वितळायला सुमारे २७०० अंश लागतात, त्यामुळे साध्या गॅसच्या ज्वाळेचं हे काम नाही. कानात बोळे घालूनही तो आवाज छातीत जाणवतो. काळ्या काचेतून बघितलं तर ज्वाळेच्या टोकाशी बारीक ठिणग्यांचा झोत दिसतो, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे जॉबवर चपटा होऊन बसणारा एक थेंब.

झिरकोनियाचा हा थर मुळात विमानाच्या जेट इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्यांसाठी नावारूपाला आला. नुसता झिरकोनिया चालत नाही. ११७० अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते, आकारमान बदलतं आणि थर फुटतो. म्हणून त्यात वजनाने सात-आठ टक्के इट्रिया मिसळतात. शिवाय धातू आणि सिरॅमिक यांच्यामध्ये निकेलच्या मिश्रधातूचा एक बाँड कोट लागतो. भिंतीला रंग देण्याआधी पुट्टी लावतात तसा. हे सगळं मी पुस्तकातून नाही, रिजेक्ट झालेल्या जॉबमधून शिकलो.

काही वर्षांनी मी स्वतःची शेड घेतली. माझ्याकडे गाडीचं पहिलं काम आलं ते चिंचवडच्या एका गॅरेजवाल्याकडून. त्याच्याकडे एका पार्टीची स्कोडा ऑक्टेव्हिया होती, १.८ लिटरची टर्बो पेट्रोल. गाडीला जास्त बूस्ट दिला होता आणि बॉनेटखाली इतकी आग व्हायची की शेजारच्या वायरिंगचं वेष्टन कडक होऊन तुटत होतं. ‘मास्तर, तुम्ही भट्टीच्या रोलवर जे मारता ते यावर मारून द्या,’ असं म्हणून त्याने बिडाचं मॅनिफोल्ड टेबलावर ठेवलं.

टर्बोचं काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलं ते हीच वाया जाणारी ऊर्जा वापरण्याच्या कल्पनेचं. तो गॅस टर्बाइनचं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचा कंप्रेसर ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडवर हा गॅस नऊशे अंशांच्या पुढे जातो, डिझेलमध्ये त्याहून कमी. म्हणजे एकाच पंख्याच्या एका बाजूला तापलेली भट्टी आणि वीतभर अंतरावर दुसऱ्या बाजूला थंड हवी असलेली हवा. हवा दहा अंशांनी तापली तर ती साधारण तीन टक्के विरळ होते, आणि तेवढाच प्राणवायू कमी मिळतो. म्हणून गॅसची उष्णता नळीच्या आत राहावी, टर्बाइनपर्यंत पोचावी आणि बाहेरच्या हवेला लागू नये, असं प्रत्येकाला वाटतं.

हे मी सगळ्यात ठळक पाहिलं ते लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर, ड्रॅग रेसच्या वेळी. शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटर. गाडी धावते काही सेकंद आणि रांगेत उभी राहते तास-तासभर. रांगेत बॉनेट उघडी टाकून पोरं इंटरकूलरवर बर्फाच्या पिशव्या ठेवत होती. इंजिन बंद, पंखे बंद, आणि मॅनिफोल्डमध्ये साठलेली उष्णता शांतपणे वर चढून इनटेकच्या नळीत शिरत होती. माझ्या एका गिऱ्हाइकाची पहिली फेरी सगळ्यात चांगली गेली आणि पुढची प्रत्येक त्याहून वाईट. तोवर मी उष्णतेकडे इंजिन चालू असतानाचा प्रश्न म्हणून बघत होतो. त्या दिवशी कळलं की इंजिन थांबल्यावरही तिचा प्रवास संपत नाही.

आता ती महागात पडलेली गोष्ट. थर बाहेरून देण्यापेक्षा आतून दिला तर जास्त चांगलं, असं मला तेव्हा ठामपणे वाटायचं. तर्क साधा होता. बाहेरून थर दिला की आतलं बीड जास्त तापतं. आतून दिला तर गॅस धातूला भिडतच नाही, बीडही वाचतं आणि गॅसही गरम राहतो. कागदावर याला उत्तर नव्हतं. साताऱ्याकडच्या एका तरुणाचं मॅनिफोल्ड होतं, पोर्ट पुरेसे रुंद आणि आखूड होते, गनचं टोक तिरकं धरून तोंडाकडच्या भागात स्प्रे पोचत होता. मी दिलं करून. ओव्हनमध्ये भाजलं नाही, कारण त्या आठवड्यात ओव्हनला दुसरं काम लागलं होतं, आणि ब्लास्टिंगनंतर जॉब इतका स्वच्छ दिसत होता की भाजायची गरज वाटली नाही.

अडीच महिन्यांनी तो तरुण टर्बो हातात घेऊन शेडवर आला. ओरडला नाही. त्याने टर्बाइनचं चाक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, ‘दादा, हे बघा.’ पात्यांची टोकं उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. मॅनिफोल्डच्या आत टॉर्च मारली तर दोन ठिकाणी नखाएवढे खवले उडून गेलेले, आणि त्यांच्या जागी बिडावर काळपट तेलकट डाग. तेल तापलं, त्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट नव्हती, तिने थर मागून ढकलला. सुटलेला खवला गॅसबरोबर गेला आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या चाकावर आदळला. झिरकोनिया म्हणजे दगडाच्या जातीचा पदार्थ, तो पात्याला काय करणार हे सांगायला नको.

नवा टर्बो मी घेऊन दिला. तो आमच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. पैशांपेक्षा जास्त लागलं ते त्याचं न ओरडणं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून गाडी दिली होती, आणि मला माहीत असलेली गोष्ट मी घाईत टाळली होती. त्या दिवसापासून टर्बाइनच्या आधीच्या कुठल्याही नळीला मी आतून थर देत नाही, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी. आणि बिडाचा प्रत्येक जॉब आधी ओव्हनमध्ये धूर थांबेपर्यंत भाजतो, मग ब्लास्ट करतो, मग पुन्हा तापवून डाग उमटतो का बघतो. कधी कधी यात दोन दिवस जातात. पार्टी फोन करत राहते. करू दे.

स्टेनलेसच्या नळ्यांनी वेगळा धडा दिला. ३०४ स्टेनलेस तापल्यावर जेवढं प्रसरण पावतं त्याच्या सुमारे साठ टक्केच झिरकोनिया पावतो. बीड आणि झिरकोनिया यांचं मात्र बरंच जुळतं. त्यामुळे बिडावर वर्षानुवर्षं टिकणारा थर स्टेनलेसच्या बाकावर पहिल्याच उन्हाळ्यात केसासारख्या रेषा दाखवायचा. तिथे थर पातळ ठेवावा लागतो, बाँड कोट नीट निवडावा लागतो. शिवाय बाहेरून झाकल्यामुळे धातू जास्त तापतो. पातळ पत्र्याचं, घाईने वेल्ड केलेलं मॅनिफोल्ड असेल तर ते वेल्डपाशी तडकतं. असं मॅनिफोल्ड आलं तर मी आधी वेल्डरकडे पाठवतो.

दुसरं मोठं वळण आलं ते एका साध्या उपकरणामुळे, आणि त्याबद्दल लिहिताना मला आजही अवघड वाटतं.

प्लाझ्माचं काम महाग पडतं. म्हणून मध्यंतरी मी ओव्हनमध्ये भाजून पक्का करायचा चंदेरी सिरॅमिक कोटही देऊ लागलो. स्प्रे गनने मारायचा, जाडी पाव मिलिमीटर सोडा, जेमतेम ४०-५० मायक्रॉन. दिसायला सुंदर. गिऱ्हाइकाला पटवायला माझ्याकडे इन्फ्रारेड गन होती. थर नसलेल्या मॅनिफोल्डवर लाल ठिपका धरला की आकडा यायचा ४१०. थर दिलेल्यावर धरला की २०५. निम्मा! गिऱ्हाइकाचा चेहरा खुलायचा, माझाही. दोन वर्षं मी हे दाखवत होतो आणि मला ते मनापासून खरं वाटत होतं.

इंजिनीअरिंग कॉलेजची काही मुलं त्यांच्या स्पर्धेच्या गाडीचं काम घेऊन यायची. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, ‘सर, चंदेरी पृष्ठभागावर ही गन चुकते ना?’ तिने के टाइप थर्मोकपल आणलं होतं. ते आम्ही क्लिपने मॅनिफोल्डला घट्ट दाबून बसवलं आणि गाडी चालू केली. गन म्हणाली २०५. थर्मोकपल म्हणालं ४२५. म्हणजे थर दिल्यावर पृष्ठभाग थंड झाला नव्हता, उलट थोडा जास्त तापला होता.

कारण समजायला फार वेळ लागला नाही, पचायला लागला. गन तापमान मोजत नाही, पृष्ठभागातून बाहेर पडणारं प्रारण मोजते. गंजलेलं बीड जवळजवळ पूर्ण ताकदीने प्रारण सोडतं, आणि गनही तेच गृहीत धरून आकडा देते. चंदेरी थर त्याच तापमानाला जेमतेम तिसरा हिस्सा सोडतो. म्हणून आकडा पडतो. मुलीने थरावर उष्णतारोधक काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारला, वाळवला आणि त्या ठिपक्यावर गन धरली. आकडा चारशेच्या वर गेला. एकाच नळीवर दोन बोटांच्या अंतरावर दोन आकडे! मी त्या ठिपक्याकडे बघत राहिलो.

मग हा थर फसवा होता का? नाही, आणि हेच मला तेव्हापासून लोकांना समजावून सांगावंसं वाटतं. प्रारण कमी झालं ही गोष्ट खरीच होती. थर्मासच्या आतली चंदेरी काच जसं काम करते तसं ते होतं. शेजारच्या वायरिंगवर, प्लास्टिकच्या टाकीवर, इनटेकच्या नळीवर पडणारी धग खरोखर कमी होत होती. पण नळीचा पृष्ठभाग निम्मा थंड झाला, हे मी सांगत होतो ते खोटं होतं. मोजायला हवं होतं ते ज्या वस्तूला वाचवायचं आहे तिथे, आणि मी मोजत होतो नळीवर. त्या आठवड्यात मी वहीतून काढून सात-आठ जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले आणि आधी सांगितलेला आकडा चुकीचा होता असं कळवलं. दोघांनी पैसे परत मागितले, मी दिले. एक जण म्हणाला, ‘वायरिंग जळायचं थांबलंय ना मास्तर, मग झालं.’

मग प्लाझ्माच्या थराचाही हिशेब मांडायला बसलो. ०.३ मिलिमीटर झिरकोनिया. त्याची उष्णतावाहकता बिडाच्या कितीतरी पट कमी आहे हे खरं, पण जाडी किती ती बघा. मॅनिफोल्डच्या पृष्ठभागातून जाणाऱ्या उष्णतेचा अंदाज धरून गणित केलं तर त्या थराच्या आत-बाहेरच्या तापमानात दहा-पंधरा अंशांचा फरक निघाला. कागद उलटसुलट करून तीनदा मांडलं. जेट इंजिनात हाच थर मोठा फरक पाडतो, कारण तिथे पात्याला आतून थंड हवा खेळवलेली असते आणि उष्णतेचा लोंढा प्रचंड असतो. गाडीच्या मॅनिफोल्डवर हा थर भिंतीसारखा उभा राहत नाही. तो गंज रोखतो, प्रारण कमी करतो, वर्षानुवर्षं टिकतो. खरी अडवणूक करायची तर थरासोबत दोन बोटं हवा सोडून बसवलेलं पत्र्याचं हीट शील्ड हवं, आणि टर्बाइनच्या हाउसिंगवर ब्लँकेट.

ब्लँकेट घातलं की त्याचीही किंमत असते. आत कोंडलेली उष्णता गाडी बंद केल्यावर मधल्या बेअरिंगकडे सरकते आणि तिथलं तेल करपून त्याचा कोळसा होतो. घाट चढून आल्याआल्या चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन आयडलवर राहू द्या, हे मी प्रत्येकाला बजावतो.

कापडी रॅप गुंडाळायची फॅशनही येऊन गेली. चिपळूणच्या एका पार्टीने साध्या लोखंडी डाउनपाइपला रॅप गुंडाळून घेतला होता, दुसरीकडून. दोन पावसाळ्यांनंतर ती नळी माझ्याकडे आली. रॅप सोडला तर आतून पत्र्याचे पापुद्रे हातात आले. कोकणातला पाऊस, रस्त्याचं पाणी, त्यात ओलं धरून ठेवणारं कापड, मग दुसरं काय होणार! रॅप वाईट नाही, कोरड्या हवेत आणि शर्यतीपुरता तो उत्तम काम देतो. रोजच्या, पावसात भिजणाऱ्या गाडीवर मी तो सुचवत नाही.

ब्लास्टिंगच्या मामांबद्दल लिहिल्याशिवाय हे लिखाण मला पुरं वाटणार नाही. थर टिकतो तो गनमुळे नाही, खडबडीत केलेल्या पृष्ठभागामुळे, आणि तो पृष्ठभाग मामांच्या हातात होता. ते नोझलच्या आवाजावरून सांगायचे की ग्रिट बोथट झालंय. नखाने जॉब खरवडून ‘अजून दात नाही आला याला’ म्हणायचे आणि पुन्हा आत न्यायचे. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी बारा-पंधरा वर्षं वाळूने ब्लास्टिंग केलं होतं, तोंडाला नुसता रुमाल बांधून. वाळूच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून अ‍ॅल्युमिनाचं ग्रिट होतं, बाहेरून हवा येणारं हेल्मेट होतं, पण त्यांच्यासाठी ते उशिरा आलं. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबायचे. त्यांचा खोकला मी जवळून ऐकला आहे. चकचकीत गाडी घेऊन येणाऱ्या पोरांना मी आधी ब्लास्टिंगची खोली दाखवतो.

आता काम बदललं आहे. नव्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांपैकी अनेकांत मॅनिफोल्ड वेगळं नसतंच, ते सिलिंडर हेडच्या आतच ओतलेलं असतं आणि त्याच्याभोवती कूलंट खेळतं. गाडी लवकर गरम होते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर कामाला लागतो आणि पूर्ण लोडवर गॅसही थोडा निवतो. मला हे इंजिन बघून आनंद होतो, माझं काम कमी झालं तरी. आम्ही बाहेरून थर चढवून जे साधायला बघत होतो त्यातलं बरंचसं त्यांनी ओतकामातच साधलं.

गेल्या महिन्यात असाच एक मुलगा आला, तीन सिलिंडरची टर्बो घेऊन. ‘काका, मॅनिफोल्डला सिरॅमिक मारायचंय.’ त्याला बॉनेटखाली वाकवून दाखवलं की मॅनिफोल्ड बाहेर नाहीच. उरलं फक्त टर्बोचं हाउसिंग आणि डाउनपाइप. त्याला इनटेकची हवा तापते अशी शंका होती. थर द्यायच्या आधी मी त्याच्या इनटेकच्या नळीत थर्मोकपल बसवून दिलं, मीटर शेजारच्या सीटवर ठेवला आणि खंबाटकीचा घाट चढून यायला सांगितलं.

दीड-दोन तासांनी घाटाच्या माथ्यावरून त्याचा फोन आला. पायथ्याचा आकडा सांगितला, माथ्याचा सांगितला. मी वहीत लिहून घेतले.

‘बाहेरची हवा किती होती?’

‘ते बघायचं राहिलं, काका.’

‘मग बोगद्यातून खाली ये आणि पुन्हा चढ,’ मी म्हणालो, आणि वहीत तिसरी रेघ मारून ठेवली.